रात्रपाळीतलं जेवण आणि कमरेचा टेप : १९ आठवड्यांच्या नोंदी

३ जून २०२४ (फर्स्ट शिफ्ट)

वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१ आलं. वजन ८४.६ किलो, उंची १७० सेंमी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २९.३. वय ४३. चाकणच्या पट्ट्यात १७ वर्षं तीन पाळ्यांत काम करतोय, दर आठवड्याला पाळी बदलते : फर्स्ट साडेसहा ते तीन, सेकंड तीन ते साडेअकरा, नाइट साडेअकरा ते साडेसहा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळी एवढ्यात नको. सहा महिने देते तुम्हाला, खाण्याचं बघा."

खाण्याचं मी आधीही बघितलंय. साखर सोडली, भात सोडला, एकदा चार किलो उतरलेही. नाइटचे दोन आठवडे गेले की सगळं परत. म्हणून या वेळी काय खातो याच्या बरोबरीने किती वाजता खातो हेही लिहायचं ठरवलंय. आमच्या लाइनवर निम्म्या लोकांची पोटं माझ्यासारखीच आहेत. त्यांच्यातल्या कुणाला पुढे उपयोग होईल म्हणून चुकांसकट लिहितोय.

खरेदी : ग्लुकोमीटर ९५० रुपये, पन्नास पट्ट्यांची डबी ११००, शिंप्याचा टेप ४०.

९ जून

आठवडाभर फक्त लिहिलं, बदललं काही नाही. सकाळी पावणेसहाच्या चहापासून रात्री साडेदहाच्या शेवटच्या घासापर्यंत जवळजवळ सतरा तास तोंड चालू असतं. हा फर्स्टचा, म्हणजे सगळ्यात सरळ आठवडा.

फायबरचा, म्हणजे न पचणाऱ्या तंतूचा, हिशेब केला तेव्हा एक समज मोडला. भाकरी म्हणजे फायबर आणि चपाती म्हणजे नाही, असं मी धरून चाललो होतो. तक्त्यात ज्वारीच्या १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम दिसतं आणि गव्हाच्या पूर्ण पिठातही ११ च्या आसपास. पॉलिशच्या तांदळात मात्र तीनच्या आत. आमच्याकडे गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देतात, आणि कँटीनच्या चपातीत मैदा असतो हे आचाऱ्यानेच सांगितलं. दोष चाळणीचा आणि मैद्याचा होता. माझा दिवसाचा आकडा १७ ग्रॅम निघाला, हवेत तीसेक. चाळणी आजपासून बंद. बायको म्हणाली, "अहो, पोळी जाड होईल." होऊ दे म्हटलं.

१९ जून (नाइट)

डबा तोच, घड्याळ वेगळं, असा प्रयोग केला. दोन भाकऱ्या, एक वाटी मटकीची उसळ, एक वाटी भात, सगळं वजन करून. रविवारी सुट्टीत दुपारी एक वाजता खाल्लं, दोन तासांनी साखर १२६. तोच डबा काल रात्री दोन वाजता खाल्ला. दोन तासांनी २११.

घाबरलो. मग आठवलं, बोट टोचायच्या आधी शेजारच्याने दिलेली गुळाची चिक्की खाल्ली होती आणि हात धुतले नव्हते. बोटाला लागलेली साखर पट्टीवर उतरते. पट्टी वाया, रात्रही वाया. आज हात साबणाने धुऊन, पुसून, तोच डबा परत. दोन तासांनी १६८.

२३ जून

आठवड्यात आणखी दोन रात्री तपासलं : १६१ आणि १७२. दुपारी तोच डबा १२६. पोट तेच, धान्य तेच. रात्री शरीरात मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) चढलेलं असतं आणि त्या वेळी स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला हात आखडता घेतं. डॉक्टरबाईंनी एवढंच सांगितलं आणि मला तेवढं पुरलं. १७ वर्षं मी दोन वाजता पोटभर जेवतोय.

बोस्टनमध्ये १९ जणांना खोट्या रात्रपाळीत ठेवून केलेला अभ्यास २०२१ साली आला होता. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. तशीच रात्रपाळी करून फक्त दिवसा जेवलेल्यांची लक्षात येण्याजोगी वाढली नाही. हा कागद घडी घालून पाकिटात ठेवलाय, कारण रात्री दोनला लाइनवर सगळे "चल जेवायला" म्हणतात तेव्हा काहीतरी हाताशी लागतं.

२ जुलै

वजनात पोटातल्या जिवाणूंचाही हात असतो असं ऐकून त्यांची तपासणी केली होती, तिचा रिपोर्ट आला. खर्च ९५०० रुपये, या कामातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाया गेलेला.

घरी किट येतं, विष्ठेचा नमुना नळीत घालून पाठवायचा. मी १४ जूनला पाठवला. रिपोर्ट ३४ पानांचा, त्यात एक 'गुण' आणि दोन जिवाणू-गटांचं गुणोत्तर, त्यावरून मी लठ्ठपणाकडे झुकलेलो. डॉक्टरबाईंनी एकच प्रश्न विचारला, "जूनमध्ये काही औषध घेतलं होतंत?" घेतलं होतं. दाढेच्या रूट कॅनालसाठी पाच दिवस अँटिबायोटिक, नमुना द्यायच्या दोनच दिवस आधी संपलेलं. म्हणजे मी तपासलं ते झोडपून काढलेलं शेत होतं.

आणि ते गुणोत्तर. उंदरांवरच्या कामातून ते प्रसिद्ध झालं. २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने लठ्ठ उंदरांचे जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत घातले, तर त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली. ते काम पक्कं आहे. पण पुढे माणसांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हे गुणोत्तर लठ्ठपणाची खूण म्हणून टिकलं नाही. माझा नमुनाही एका दिवसाचा, एका वेळेचा. काही जिवाणूंचं प्रमाण दिवसाच्या तासांबरोबर वरखाली होतं, हे मला पैसे भरल्यानंतर कळलं. ९५०० रुपयांत सहा महिन्यांची ज्वारी आणि कडधान्यं आली असती.

९ जुलै (नाइट)

कालपासून सगळं एकदम सुरू केलं. दोन वाट्या मटकी, एक वाटी राजमा, कच्ची कोशिंबीर, वर प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल (महिन्याच्या १२६०). रात्रीचं जेवण दोनऐवजी दहाला. उत्साह खूप होता.

पहाटे तीनला पोटात मुरडा. लाइन सोडून दोनदा जावं लागलं, बदली माणूस नव्हता, सुपरवायझरने वहीत नोंद केली.

११ जुलै

थांबवलं. पोट ढोलासारखं, झोप चार तास. जुलाब कॅप्सूलमुळे की राजम्यामुळे, साखर कमी आली ती वेळेमुळे की काही खाल्लंच गेलं नाही म्हणून, काहीच सांगता येत नाही. पाच गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर एकही मिळत नाही. मशीनमध्ये बिघाड शोधताना मी नव्या पोरांना हेच ओरडून सांगतो, एका वेळी एकच सेटिंग हलव. स्वतःच्या पोटाला तो नियम लावला नाही. नाइटचा एक आठवडा वाया गेला आणि नाइट तीन आठवड्यांनी एकदा येते.

यापुढे नाइटच्या एका आठवड्यात एकच बदल. कॅप्सूल बंद.

फायबर का चावलं ते नंतर समजलं. आपल्याला न पचणारा तंतू मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराच्या कामाची. सोबत वायूही होतो. १७ ग्रॅमवर जगणाऱ्या वस्तीला एका रात्रीत ४० दिले की वायूच जास्त. आता दर पंधरवड्याला चार-पाच ग्रॅमच वाढवणार.

१७ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरईचा भात. फायबर जवळजवळ नाहीच. दोन तासांनी १८१, तेही भर दुपारी. कार्तिकीला राजगिरा आणि रताळं करू असं आईनेच सांगितलं.

२४ जुलै

कमरेचं माप सात आठवडे चुकीचं घेत होतो. पँटच्या पट्ट्याच्या ओळीत, म्हणजे सुटलेल्या पोटाच्या खाली. खरी जागा शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. तसं मोजलं तर १००.५ सेंमी. आधीचे सगळे आकडे खोडले. खरी सुरुवात कुठून झाली ते आता कधीच कळणार नाही, याची रुखरुख आहे.

आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी, बीएमआय २३ च्या आत. गोऱ्यांचे आकडे आपल्याला चालत नाहीत. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा मिळून एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तो फोटो मी लाइनवर दाखवला. आमच्यातले दोन सडपातळ गडी लगेच टेप मागायला आले. एकाची कंबर ९४ निघाली.

४ ऑगस्ट (नाइटचा आठवडा संपला)

या वेळी बदल एकच : वेळ. जूनच्या प्रयोगातलंच जेवण, तेवढंच, पण घरी रात्री पावणेदहाला. साडेअकरा ते साडेसहा पाणी आणि बिनसाखरेचा चहा, तोही रात्री दोन वाजायच्या आत.

पहिल्या रात्री तीन वाजता भूक असह्य झाली आणि बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीपासून मूठभर फुटाणे खिशात, लागले तरच खायचे. पाचव्या रात्री लागले नाहीत. फुटाण्यांनंतर साखर फारशी हलत नाही, दोनदा तपासलं, ११८ आणि १२१. बिस्किटांनंतर १७४ होती.

पावणेदहाच्या जेवणानंतर दोन तासांनी १४१, १३८, १४९. दुपारइतकं चांगलं नाही, दोन वाजतापेक्षा बरंच खाली. जेवण तेच होतं हे पुन्हा सांगतो.

एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. सकाळी सातला गेटवर दोन वडापाव खाऊन साडेसातला झोपायचं, हेही रात्रीचंच जेवण झालं. पुढच्या नाइटला तिथे फक्त ताक आणि एक केळं.

९ ऑगस्ट

आंबील. आई मंगळवेढ्याकडची, तिथली ज्वारी नावाजलेली. तिने लहानपणी उन्हाळ्यात रोज पाजलेली आंबील मी वीस वर्षं विसरलो होतो. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून रात्रभर आंबवायचं, सकाळी पाण्यात उकळून घ्यायचं, मीठ, जिरं, लसूण.

पहिली खेप फेकली. स्टीलच्या डब्याला घट्ट झाकण लावून वीस तास ठेवलं, वर आलेला वास आंबटाचा नव्हता, नासल्याचा होता. आई म्हणाली, "अरे, त्याला श्वास लागतो. फडकं बांध नुसतं." दुसरी खेप बारा तासांत छान आली.

मग दुसरी चूक लक्षात आली. आंबील आपण उकळतो, म्हणजे आंबवणारे जिवाणू त्यात मरतात. पचायला हलकी, पोटभरीची, म्हणून ती चांगलीच, पण जिवंत जिवाणूंसाठी पितोय असं म्हणता येत नाही. उपाय सोपा होता आणि आई तो आधीपासून करत होती : आंबील निवली की वरून वाटीभर ताजं ताक. २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ जणांना दहा आठवडे, निम्म्यांना आंबवलेले पदार्थ आणि निम्म्यांना जास्त फायबर दिलं होतं. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली, नुसत्या फायबरवाल्यांची सरसकट वाढली नाही. म्हणून मी दोन्ही धरतोय, पण पंधरा दिवसांच्या अंतराने.

ताक घरच्या विरजणाचं. खर्च दुधाचा, तो होताच.

२१ ऑगस्ट (नाइट)

ही नोंद कृपा करून वाचा. लाइनवरच्या एका मित्राने माझं बघून दोनचं जेवण सोडलं. त्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, मला माहीत होतं, पण विचारायचं सुचलं नाही. पहाटे चारला त्याचे हात कापायला लागले, घामाने भिजला. माझ्या ग्लुकोमीटरवर ६२. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ९१, मग पोळी खायला लावली. तो फिरत्या मशीनसमोर उभा होता.

काही गोळ्या साखर खाली ओढतातच, तुम्ही जेवा न जेवा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांनी डोस आणि वेळ नव्याने बसवून दिल्याशिवाय रात्रीचं जेवण हलवू नका. ही वही मी सगळ्यांना दाखवत होतो आणि हे वाक्य तिच्यात पहिल्या पानावर नव्हतं. आज लाल पेनाने लिहिलं.

२५ ऑगस्ट

वडापावचं ताक-केळं झालं. झोप मात्र नऊनंतर मोडते. मुलीच्या शाळेची गडबड, दारावरची बेल, आणि मुख्य म्हणजे उजेड. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, यकृताचं आणि आतड्याचं बरंचसं जेवणाच्या वेळेवर. मी जेवणाची वेळ सांभाळत होतो आणि उजेड मोकळा सोडला होता. जाड पडदा १८५० रुपये. कंपनीच्या बसमध्ये उन्हाच्या उलट्या बाजूची सीट.

फायबर आता २६ ग्रॅम, गॅस नाही. हुलगे आणि अख्खे मूग आलटूनपालटून.

११ सप्टेंबर, गौरीपूजन (नाइट)

झोपायच्या वेळेला घरात पंचवीस माणसं. दुपारी एकला आईने उठवलं, "ताट मांडलंय, नैवेद्याचं आहे, उठ." पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, सोळा भाज्या. नाही म्हणणं मला शक्य नव्हतं आणि म्हणायचंही नव्हतं. पोटभर जेवलो.

पण ते दुपारी एकला होतं. दोन तासांनी १५४. जूनमध्ये रात्री दोनला साध्या भाकरी-उसळीनंतर १६८ होती. मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसलो. रात्री पावणेदहाला भूकच नव्हती, नुसतं ताक घेतलं.

२६ सप्टेंबर (सेकंड)

सेकंडचा प्रश्न मी चार महिने टाळला. साडेअकराला सुटून सव्वाबाराला घरी, बायको जागी, गरम जेवण. तिच्यासोबत बसून बोलायची दिवसातली तेवढीच वेळ. जेवण साडेसातला कँटीनमध्ये करायचं तर तिने एकटीने जेवायचं. तिनेच तोड काढली : ती नऊला मुलीसोबत जेवते आणि मी आलो की दोघं ताक घेऊन बसतो. दोन दिवस जमलं, तिसऱ्या दिवशी भरलं वांगं केलं होतं.

६ ऑक्टोबर (सहावी नाइट संपली)

दोनचं जेवण नाही, पावणेदहाला घरचा डबा, फायबर २९, सकाळी ताक-केळं, पडदा लावून साडेसहा तास झोप. पावणेदहाच्या जेवणानंतर दोन तासांनी १२९, १३४, १२७.

यात जिवाणूंचा वाटा किती, हे माझ्या हातातल्या साधनांनी मोजता येत नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१४ साली दाखवलं की उंदरांच्या पोटातले जिवाणू दिवसरात्रीच्या तालावर चालतात आणि खाण्याचं वेळापत्रक मोडलं की तो ताल जातो. लांबच्या विमानप्रवासाने घड्याळ विस्कटलेल्या दोन माणसांची विष्ठा त्यांनी निर्जंतुक उंदरांत घातली, तर ते उंदीर जास्त जाड झाले. दर तीन आठवड्यांनी मी घरात बसून तसाच प्रवास करतो. ते वाचलं त्या दिवशी या वहीचं महत्त्व मला स्वतःला पटलं.

पण वेळ बदलली म्हणजे कितीही खा, असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेच्या सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगात आठ तासांत तेवढंच चरबट खाणारे उंदीर जाड झाले नाहीत, हे २०१२ चं. माणसांवर चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी उष्मांकाचं जेवण दिलं, निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खायला सांगितलं. २०२२ साली निकाल आला : वेळेवाल्यांचं ८ किलो, बाकीच्यांचं ६.३ किलो उतरलं आणि संख्याशास्त्राने तो फरक धरला नाही. ते लोक पाळीवाले नव्हते. तरीही माझ्या वजनात जे उतरलं त्यात बिस्किटं, वडापाव आणि चार वाजताचं फरसाण गेलं याचा वाटा मोठा असणार, असं मी धरतो.

१३ ऑक्टोबर

वजन ८१.२. कंबर ९५.५, म्हणजे २४ जुलैपासून पाच सेंमी. एचबीएवनसी ५.८ (४५० रुपये). ९० अजून लांब आहे.

खर्च एकूण १७,३५० : ग्लुकोमीटर ९५०, पट्ट्यांच्या तीन डब्या ३३००, जिवाणू तपासणी ९५००, कॅप्सूल १२६०, पडदा १८५०, टेप ४०, रक्ततपासणी ४५०. तपासणी आणि कॅप्सूल काढल्या तर ६५९०. नव्याने करणाऱ्याने पट्ट्यांची एकच डबी घ्यावी आणि तपासायच्या वेळा आधी ठरवाव्यात. मी पहिल्या महिन्यात दिसेल तेव्हा बोट टोचत बसलो.

कँटीनच्या ठेकेदाराशी बोलणं झालं. रात्री दोनच्या जेवणाबरोबर ताक आणि उकडलेले हरभरे ठेवायला तो तयार आहे, भात आपण काढू शकत नाही म्हणाला, पोरं भांडतील. जेवणाची वेळ साडेबारावर आणायला मात्र मॅनेजमेंटची परवानगी लागेल. अर्ज लिहिलाय, सोळा सह्या झाल्यात, गोळ्या चालू असलेल्या चौघांची नावं वेगळी काढून डॉक्टरबाईंकडे दिलीत.

उद्यापासून सेकंड. साडेसातच्या डब्यासाठी हुलगे भिजत घातलेत.